डावखुऱ्या आबेनाचं राहिलेलं बोलणं

अमेरिकेची राजदूत आमच्या गावात येणार हे कळल्यावर सगळ्या ओदुमक्रोमला आनंद झाला आणि मला एकटीला जुलाब झाले. खोटं नाही सांगत. जिल्हा कचेरीतला कारकून आमोआको पत्र घेऊन आला तेव्हा मी ओट्यावर पामची फळं निवडत बसले होते. बाई येत्या शुक्रवारी येणार, नानांना भेटणार, शाळा बघणार, असं सगळं त्याने वाचून दाखवलं. शेवटी एक ओळ होती. ‘चौतीस वर्षांपूर्वी नानांच्या अंगणात माझं एक बोलणं राहून गेलं होतं, ते मला सर्वांसमोर पूर्ण करायचं आहे.’

“काय बोलणं राहिलंय म्हणे, मावशी?” आमोआकोने विचारलं.

“मला काय विचारतोस? मी काय तिच्या पोटात शिरलेय? पत्र ठेव आणि चालायला लाग!” मी खेकसले. एरवी मी त्याला निदान भाजलेलं केळं तरी देते. बिचारा तसाच गेला.

काय राहिलंय ते मला चांगलं ठाऊक होतं. ते बाहेर पडलं तर माझी काठी जाणार होती.

मी आफुआ ब्रागो, नानांची ओचेआमे. आमच्याकडे राजाही नाना आणि राणीमायही नाना, पण मी सांगतेय ती राणीमायची गोष्ट. राणीमाय म्हणजे राजाची बायको नव्हे हं. राजाची थोरली बहीण. त्याला गादीवर बसवणारी तीच आणि चुकला तर कान धरणारीही तीच. नाना अंगणात कुणाशी थेट बोलत नाहीत, कुणाचं थेट ऐकतही नाहीत. पाहुणा मला सांगतो, मी नानांना सांगते. नाना मला सांगतात, मी पाहुण्याला सांगते. दोघांची भाषा एक असली, दोघं चार हातांवर बसलेले असले, तरी मध्ये मी. माझ्या तोंडून जे गेलं नाही ते अंगणात बोललं गेलंच नाही, मग भले सगळ्या गावाने ऐकलेलं असो.

माझ्या हातात सोनेरी पत्रा मढवलेली काठी असते, वर एक कोंबडी आणि तिची तीन पिल्लं कोरलेली. माझ्या आधी ती माझ्या मावशीच्या हातात होती. शब्दांना मध लावणं हे आमचं कामच. कुणी रागाने फणफणत आला तर ते बोलणं मी निववून पुढे देते. पण पाहुण्याच्या तोंडात नसलेलं बोलणं आपल्या पदरचं घालणं, हा गुन्हा. त्याची शिक्षा म्हणून काठी काढून घेतात, आणि गुपचूप नाही काढत, बाजारात ढोल पिटून काढतात. मेल्यावर उशाशी काठी उभी करत नाहीत. लोक येतात, रडतात, पण ओचेआमे मेली असं कुणी म्हणत नाही.

तो गुन्हा मी केला होता.

ती बाई पहिल्यांदा आली तेव्हा बावीस वर्षांची होती. नाव लॉर्ना विटकॉम्ब. अमेरिकेने पाठवलेली गणिताची शिक्षिका, दोन वर्षांसाठी. मंगळवारी जन्मलेली, म्हणून गावाने तिला आबेना केलं. पण नुसती आबेना पाच मिनिटंच राहिली. पहिल्याच दिवशी तिने नानांसाठी आणलेली भेट डाव्या हाताने पुढे केली. डाव्या हाताने! अख्खं अंगण ‘एऽऽ’ करून ओरडलं. तिला श्नॅप्सच्या दोन बाटल्यांचा दंड झाला. आम्ही श्नॅप्स कशाला वापरतो, पूर्वजांसाठी जमिनीवर ओततो, हे तिला काय माहीत! ती मला विचारते, “बिअर चालेल का? श्नॅप्सने माझं डोकं दुखतं.” तिला वाटलं, तिलाच प्यायचीय. त्या दिवसापासून ती डावखुरी आबेना.

पण पोरगी चिवट. दोन महिने उजव्या हाताने फुफूचे गोळे रश्शात बुडवून खायला शिकत होती. अर्धा रस्सा तोंडात, अर्धा कपड्यांवर. बाजारातल्या बायका तिच्या छातीवरचे डाग बघून सांगायच्या, आज शेंगदाण्याचा रस्सा झाला, आज पामचा. ती हसायची. संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसायची, एक छोटा टेपरेकॉर्डर मध्ये ठेवायची आणि मला बोलायला लावायची. “मला तुमची भाषा शिकायचीय.” बाजारापुरती ट्वी तिला आली, भांडणापुरती नाही आली. मला मात्र इंग्रजी येत होतं. राजधानीत, अक्रामध्ये, सात वर्षं एका गोऱ्या कुटुंबात स्वयंपाक केला होता ना.

आणि तेव्हा मी ओचेआमे नव्हतेच मुळी. मावशीचे पाय सुजले होते, म्हणून तिच्या जागी तात्पुरती उभी राहत होते. काठी मावशीची, हात माझा.

तिच्या वर्गात पोकुआ नावाची पोर होती, पंधरा वर्षांची. गणितात अशी, की मास्तर फळ्यावर अडकले तर ही बाकावरून उत्तर सांगायची. तिच्या मामाने तिचं लग्न ठरवलं, लाकडाचे चार ट्रक असलेल्या बोआतेंगशी. त्याचं वय पंचावन्न, आधीच्या बायका दोन. नानांनी होकार दिला होता. परीक्षा तीन महिन्यांवर आली होती.

आबेना अंगणात आली ती वादळासारखी. पाणी दिलं तर प्यायली नाही. चाळीसेक माणसं बसलेली, सगळे गावातले थोर, वडीलधारे. मी म्हटलं, आधी बस. बसली नाही. माझ्याकडे वळून इंग्रजीत जे सुटली! “सांग तिला. म्हणावं, तू एक लेकरू विकते आहेस आणि वर गावाची आई म्हणवतेस. शरम वाटू दे, म्हणावं. मी वर्तमानपत्रात लिहीन. साऱ्या जगाला कळू दे तू कसली राणी आहेस ती.”

मी काठी घट्ट धरली. समोर नाना आपल्या मानाच्या स्टुलावर, चेहरा दगडाचा. मी मनात म्हटलं, आफुआ, हे जसंच्या तसं पुढे दिलंस तर ही पोरगी आज संध्याकाळच्या ट्रकने गावाबाहेर, आणि पोकुआ उद्या सकाळी बोआतेंगच्या घरात. चाळीस माणसांसमोर अपमान गिळून नानांना गादीवर बसताच आलं नसतं.

मी तिच्या कानाशी इंग्रजीत म्हटलं, “गुडघे टेक. इथे तक्रार गुडघ्यांवर मांडतात.”

साफ खोटं. तक्रार उभ्यानेच मांडतात. गुडघ्यांवर फक्त विनवणी. पण तिने टेकले, दात ओठ खात टेकले.

मग मी नानांकडे वळले आणि माझ्या तोंडून काय बाहेर पडलं ते माझं मलाच कळेना. “नाना, ही परकी मुलगी म्हणते, माझी आई समुद्रापलीकडे राहिली, इथे मला पाणी देणाऱ्या तुम्हीच. तुमच्या लेकराबद्दल बोलायचा मला हक्क नाही. पण शेतातले यामचे सगळे कंद खायला काढले तरी एक बियाण्याला ठेवतात ना, तशी ही एक पोर ठेवा. परीक्षेपर्यंत ठेवा. मी पाया पडते.”

नानांनी तपकिरीची डबी उघडली, चिमूट घेतली, डबी बंद केली. बराच वेळ आबेनाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “आफुआ, तिला सांग, परीक्षेपर्यंत.”

पोकुआ पास झाली, जिल्ह्यात दुसरी आली. परीक्षेनंतर तिच्या लग्नाचं नाव कुणी काढलं नाही, बोआतेंगने तोवर दुसरी बघितली होती. आणि महिन्याभराने नानांनी मला बोलावून मावशीची काठी कायमची माझ्या हातात दिली. लोक नाचले, मला मानाची पांढरी पावडर फासली, मला मात्र खायला गेलं नाही. चोरीचा माल अंगावर घालून मिरवल्यासारखं वाटत होतं. तेव्हापासून दर सणाला काठी पुसताना तेच मनात यायचं. लेकरं झाली, नातवंडं झाली, तरी ते गेलं नाही.

आबेनाला मी कधीच काही सांगितलं नाही. तिला वाटलं, तिच्या रागाला राणी घाबरली. जाताना मला म्हणाली, “बघितलंस आफुआ? खरं तोंडावर बोललं की काम होतं.” मी म्हटलं, “हो गं बाई.” दुसरं काय म्हणणार?

दर ख्रिसमसला तिचं एक पत्र यायचं. तिची सगळी नोकरी मला पत्रांतूनच ठाऊक. परदेश खात्याची परीक्षा दिली तेव्हा तोंडी परीक्षेत तिला विचारलं म्हणे, कामावर रडू आलं तर काय कराल? हिने सांगितलं, “रुमाल वापरीन. तुम्ही काय वापरता?” तरी घेतली. पहिली दोन वर्षं कुठल्याशा उकाड्याच्या बंदरात खिडकीमागे बसून व्हिसाचे शिक्के. ‘दिवसभर मी लोकांना नाही म्हणते, आणि लोक माझ्या आईचा उद्धार करतात. आता त्यांच्या भाषेत मला फक्त शिव्या उत्तम येतात.’ मेजवानीला गेली की कुणी तिला राजदूताची बायको समजायचं, कुणी सेक्रेटरी, एकाने तर आपला कोटच तिच्या हातात दिला. एका देशात मंत्री हिच्या प्रश्नांची उत्तरं हिच्या हाताखालच्या पोराकडे बघून देत होता. हिने शेवटी त्याला सांगितलं, “हा तरुण माझा ओचेआमे आहे असं तुम्हाला वाटत असेल, तर त्याची काठी कुठाय?” मंत्र्याला काही कळलं नाही. मी मात्र ते पत्र वाचून शेजारणीला ऐकू जाईल इतकी हसले.

नवराही केला होता तिने. चार वर्षांत सोडून गेला. ‘त्याला माझ्या बदल्या सोसल्या नाहीत, आफुआ. एका घरात नसलेली बायको कसली, म्हणाला.’ मी परत लिहिलं, “अगं, मग आमच्यातला करायचा होतास. मी माझ्या आईच्या घरी, नवरा त्याच्या आईच्या घरी, संध्याकाळी मुलीच्या डोक्यावरून त्याचं जेवण जातं. दहा वर्षं झाली, एकदा भांडण नाही. भांडायला वेळच मिळत नाही.”

आणि मग एका वर्षी पत्र आलं नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. मला वाटलं, मेली की काय. मग एकाएकी डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तो टेपरेकॉर्डर! त्या दिवशी तिच्या खांद्याला पिशवी होती आणि ती पिशवी टेपरेकॉर्डरशिवाय कधी बाहेर पडत नसे. तिसऱ्या वर्षी पत्र आलं. त्यात तिच्या बढतीचं होतं, तिच्या म्हाताऱ्या आईचं होतं, त्या दिवसाबद्दल चकार शब्द नव्हता. पण सुरुवातीला नेहमीचं ‘प्रिय आफुआ’ नव्हतं. ‘प्रिय ओचेआमे’ लिहिलं होतं. तेव्हापासून प्रत्येक पत्रात तेच. टोमणा होता की काय होतं, मला कळेना आणि विचारायची छाती होईना.

अशी ती चढत चढत गेली आणि शेवटी राजदूत होऊन आमच्याच अक्राला आली. पेपरात फोटो आला. केस पांढरे, पण हनुवटी तीच. आणि आता शुक्रवारी ती येणार होती, सर्वांसमोर, राहिलेलं बोलणं पूर्ण करायला.

गुरुवारी पोकुआ कुमासीहून आली. तिथे औषधांचं मोठं दुकान चालवते, अंगाने भरलीय आणि जिभेने तर विचारू नका. मला बघून म्हणाली, “मावशी, हे काय? कुणी मेलंय का? तुमच्या लाडक्या आबेनासाठी नटायचं सोडून तोंड असं आंबट का?”

“पोट बिघडलंय,” मी म्हटलं.

“औषध देते.”

“तुझ्या दुकानात यावर औषध नाही, बाई.” मला रडूच फुटलं. तिला काही समजेना, तिने मला जवळ घेतलं आणि मी आणखीच रडले. सांगितलं मात्र नाही.

शुक्रवारी काळी गाडी आली, पुढे छोटा झेंडा, मागे पोलीस. आबेना उतरली. साधा निळा झगा, चपटे जोडे. अंगणातल्या सगळ्यांशी उजवीकडून डावीकडे हात मिळवत आली, आमच्या रीतीप्रमाणे. प्रत्येकाशी उजव्या हाताने. गर्दीतली एक म्हातारी ओरडली, “डावखुरी सुधारली गं!” आबेना तिथूनच ट्वीत म्हणाली, “सुधारली नाही आजी, घाबरली. दोन बाटल्या महाग पडल्या होत्या.” सगळं अंगण हसलं. बोलणं स्वच्छ होतं तिचं. आता तिला भांडणापुरतीही ट्वी येत होती.

नाना स्टुलावर होत्या. एकोणनव्वद वर्षं, डोळे धूसर, कान मात्र तीक्ष्ण. पाणी दिलं. आबेना सगळं प्यायली, शेवटचे दोन थेंब जमिनीवर शिंपडले. मी काठी टेकवून विचारलं, “पाहुणीबाई, इथे सगळं शांत आहे. वाटेवरून आलात त्या तुम्ही, तेव्हा बातमी तुमच्याकडे. काय काम काढलंत?”

ती उभी राहिली. माझ्याकडे बघितलं. मी नजर काठीवरच्या कोंबडीवर ठेवली.

“ओचेआमे, नानांच्या कानी जाऊ दे. चौतीस वर्षांपूर्वी मी या अंगणात इंग्रजीत बोलले. मी जे बोलले आणि नानांपर्यंत जे पोहोचलं, ते एक नव्हतं.”

अंगणात कुजबुज उठली.

“त्या दिवशी माझ्या पिशवीत टेपरेकॉर्डर चालू होता. बारा वर्षांनी मला सरकारने ट्वी शिकायला बसवलं, तेव्हा मी ती टेप मास्तरांना ऐकवली. मास्तर तुमच्याच देशातल्या केप कोस्टचे. ते इतके हसले की खुर्चीवरून पडले. मला म्हणाले, बाई, तुम्ही शिव्या दिल्यात आणि तुमच्या तोंडून विनवणी गेली. मी फार चिडले. दोन वर्षं पत्र लिहिलं नाही. मला वाटलं, हिने माझं खरं बोलणं चोरलं.”

पोकुआ तिसऱ्या रांगेत बसली होती. तिचं तोंड उघडंच राहिलेलं दिसलं.

“मग मी एका देशात होते तिथे सैन्याने सरकार पाडलं. विमानतळावर आमची एकसष्ट माणसं अडकली, त्यात लहान मुलं. कर्नल विमान सोडेना. फोनवर माझे साहेब ओरडत होते, ‘सांग त्या गुंडाला, याचा हिशेब द्यावा लागेल.’ कर्नल विचारतो, काय म्हणाले तुमचे साहेब? माझ्या हातात फोन होता, ओचेआमे, आणि मला हे अंगण दिसलं. मी म्हटलं, ‘साहेब म्हणतात, आज रात्री या मुलांचे बाप तुम्हीच आहात.’ त्याने विमान सोडलं. मी बाथरूममध्ये गेले, दार लावलं आणि हसले, मग रडले. त्या वर्षी पत्राची सुरुवात बदलली. पुढे एकोणीस वर्षं मी जे काम केलं ते इथे शिकलेलं होतं. पण माझं मूळ बोलणं दंडाशिवाय राहिलं. मी नानांना म्हणाले होते, तुम्ही लेकरू विकता, तुम्हाला शरम वाटू दे. ते आज मी माझ्या तोंडाने कबूल करते. बाहेर दोन बाटल्या आणि एक मेंढी आणली आहे. हे माझं राहिलेलं बोलणं.”

ती खाली बसली.

आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. कळतंय ना? तिने सगळं ट्वीत सांगितलं होतं, पोराटोरांनी ऐकलं होतं, पण नानांपर्यंत ते अजून पोहोचलं नव्हतं. माझ्या तोंडून जायचं होतं. माझा गुन्हा माझ्याच तोंडून.

मध लावायला जागा होती, नाही असं नाही. म्हणता आलं असतं, ‘नाना, पाहुणी म्हणते, जुन्या दिवसांबद्दल आभार मानायला मेंढी आणलीय.’ जीभ तिकडेच वळत होती मेली, इतक्या वर्षांची सवय. मी काठी दोन्ही हातांनी धरली. म्हटलं, आफुआ, पुरे झालं. किती वर्षं जुलाबाची औषधं घेशील?

“नाना,” मी म्हटलं, आणि काठी टेकवली. परत म्हटलं. “नाना, पाहुणी म्हणते की त्या दिवशी तिने तुमचा अपमान केला. तुम्ही लेकरू विकता, तुम्हाला शरम वाटू दे, असं ती म्हणाली. आणि तुमची ओचेआमे खोटं बोलली. गुडघे टेकायला मी लावले. बियाण्याच्या यामचं माझ्या मनचं. तिने एक शब्द विनवणीचा काढला नव्हता.” एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. उभ्या नोकरीत पहिल्यांदाच. मग मी काठी नानांच्या पायाशी आडवी ठेवली आणि मागे सरले.

नानांनी तपकिरीची डबी काढली. चिमूट घेतली. शिंकल्या.

“काठी उचल,” नाना म्हणाल्या. “काठीशिवाय मी पाहुणीशी बोलू कशी?”

मी उचलली.

“सांग तिला. मी लहानपणी मिशनच्या शाळेत चार वर्षं होते. शिवण आणि इंग्रजी. तिथली बाई दिवसातून दहा वेळा मला ‘शरम वाटू दे’ म्हणायची, इंग्रजीतूनच. तो शब्द मला झोपेतही कळतो.”

मी पाहुणीला सांगायचंच विसरले. “नाना! तुम्हाला इंग्रजी कळतं?”

“तुला मी पाहुणीला सांगायला सांगितलंय. मध्ये प्रश्न कुणी विचारायला सांगितलेत?”

अंगणात हशा उसळला. मी पाहुणीला सांगितलं, रडत हसत सांगितलं. आबेनाने तोंडावर हात घेतला, डावा.

“सांग तिला,” नाना पुढे म्हणाल्या, “तिचा शब्द न् शब्द मला त्याच क्षणी कळला होता. रक्त उकळलं माझं. आफुआने तो तसाच माझ्यापुढे टाकला असता तर मला तिला हाकलावं लागलं असतं, आणि त्या पोरीचं लग्न त्याच दिवशी लावावं लागलं असतं. नाहीतर हे जे थोर बसलेत, यांचे बाप तेव्हा बसले होते, ते म्हणाले असते, राणी गोऱ्या पोरीला भ्याली. होकार देऊन मी फसलेच होते, परत कसा घ्यायचा ते मला सुचत नव्हतं. आफुआने तो शब्द माझ्यापर्यंत येऊ दिला नाही. आला नाही, म्हणून मी ऐकला नाही. ओचेआमे असते कशासाठी मग? निरोप पोचवायला तर शेंबडं पोरही पुरतं.”

मी हे पाहुणीला सांगायला तोंड उघडलं, पण नाना अजून बोलत होत्या, आणि आता माझ्याकडे बघून.

“तुझ्या मावशीच्या मागे काठी कुणाला द्यायची यावर महिनाभर खल चालला होता. तिघीजणी होत्या. त्या दिवसानंतर मी खल बंद केला. तुला काय वाटलं, तुझ्या मावशीच्या सुजलेल्या पायांची दया येऊन दिली?”

चौतीस वर्षं! चौतीस वर्षं मी जी काठी चोरीची समजत होते ती मला त्या चोरीबद्दलच मिळाली होती. माझ्या तोंडून हुंदकाच बाहेर पडला, सगळ्यांसमोर, काठी हातात असताना. कुणी हसलं नाही.

“मग इतकी वर्षं सांगितलं का नाही, नाना?”

“शेफारली असतीस.”

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून पोकुआचा आवाज आला, “म्हणजे मी याम होते? एवढी वर्षं मला वाटायचं माझ्या गणितामुळे लग्न थांबलं!”

“गप बस गं यामडे!” मी ओरडले. थोर लोक पोट धरून हसायला लागले. आबेनाचे पोलीससुद्धा हसले, त्यांना काय कळलं देव जाणे.

नानांनी दंड मात्र सोडला नाही. आबेनाच्या बाटल्या आणि मेंढी ठेवून घेतली, शब्द तो शब्द म्हणून. आणि मला म्हणाल्या, “ओचेआमेलाही एक मेंढी दंड. राणीला चौतीस वर्षं बहिरी समजल्याबद्दल. सांग तिला.”

“कुणाला सांगू?”

“स्वतःला. मोठ्याने.”

मग मी अंगणाच्या मधोमध उभी राहिले, काठी टेकवली आणि स्वतःला दंड ऐकवला. “आफुआ ब्रागो, नाना म्हणतात, एक मेंढी.” आणि मीच स्वतःला उत्तर दिलं, “नानांना सांगा, शिरसावंद्य.” लोक टाळ्या पिटत होते.

दुपारी आबेना माझ्या ओट्यावर जेवायला बसली, जोडे काढून. पामचा रस्सा केला होता. तिच्या बरोबरचा पोरगा घड्याळ दाखवत होता, तिने त्याच्याकडे लक्षच दिलं नाही.

“मला सहा महिन्यांनी निवृत्त करतायत, आफुआ,” ती म्हणाली. “मनात होतं, हे राहून जायला नको.”

“तू मला मारलंस गं त्या पत्राने! सरळ लिहायचं ना, दंड भरायला येतेय म्हणून. चार दिवस पोटात अन्न नाही माझ्या.”

“अगं, मला वाटलं तुला कळेल. मी तुला इतकी वर्षं ओचेआमे म्हणतेय.”

“मला वाटायचं टोमणा मारतेस.”

ती खाता खाता थांबली. “टोमणा? आमच्या खात्यात चांगल्याला मेडल देतात. माझ्याकडे मेडल नव्हतं, म्हणून तो शब्द लिहायचे.” तिचे डोळे भरले, माझेही. मी म्हटलं, “खा, निवतंय.” तिने घास घेतला आणि रस्सा सरळ त्या निळ्या झग्यावर. अमेरिकेची राजदूत संध्याकाळी जिल्हाधिकाऱ्याकडे छातीवर लाल डाग घेऊन गेली, आणि बाजारातल्या बायकांनी लांबूनच ओळखलं की आज पामचा होता.

मेंढी मी शनिवारी सकाळीच नेऊन दिली, चांगली पोसलेली, काळ्या तोंडाची. परत येऊन काठी पुसायला घेतली. कोंबडी पुसली, तिन्ही पिल्लं पुसली, आणि पुसून झाल्यावर नेहमीसारखी घाईने कोपऱ्यात ठेवून दिली नाही. मांडीवर घेऊन बसले. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, “आफुआ, अजून किती घासशील? ती तुझीच आहे.” मी म्हटलं, “हो गं, माझीच आहे.”